त्रेचाळीस टक्के

काट्याकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. भिंत शाबूत राहिली असती, प्लंबर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेला असता, आणि बेडकांविषयी आज मला जेवढं ठाऊक आहे त्याच्या निम्म्यावर माझं सुखाने भागलं असतं.

पण मी बघितलं. काटा त्रेचाळीसवर होता.

हा काटा कसला, ते आधी सांगतो. आमची मुलगी प्राणिशास्त्र शिकते. तिने दोन बेडूक पाळलेत. डबक्यातले नव्हेत, झाडावर राहणारे. अंगाने हिरवे, बोटांच्या टोकांना चिकट चकत्या, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की असं होणार हे आपल्याला आधीच ठाऊक होतं. त्यातली थोराड मादी म्हणजे 'बाई' आणि तिच्या निम्म्याने असलेला तो 'बारक्या'. दोघं मुलीच्या खोलीत एका उभ्या काचपेटीत राहतात. पेटीत माती, फांद्या, रुंद पानांची दोन झाडं, आणि आतल्या काचेला चिकटवलेली एक तबकडी, हवेतला ओलावा दाखवणारी.

मुलीला अकरा दिवसांच्या शिबिराला जायचं होतं. गुरुवारी सकाळी, पायात बूट चढवता चढवता तिने मला सूचना दिल्या.

"सकाळ-संध्याकाळ चार-चार फवारे, बस. ओलावा साठ-सत्तरच्या आसपास राहू दे. मधून मधून काच कोरडी पडली तरी चालते, उलट पडलीच पाहिजे. पाणी एक दिवस उघडं ठेवलेलं वापर, थेट नळाचं नको. आणि बाबा, जास्त काही करू नकोस."

"ओलाव्याचं तू मला सांगू नकोस," मी म्हणालो.

हे मी उगाच म्हटलं नाही. मी एका कार्यालयाची रेकॉर्ड रूम सांभाळतो. दीडशे वर्षांचे कागद माझ्या ताब्यात आहेत आणि कागदाचा पहिला शत्रू म्हणजे दमट हवा. गेली पंचवीस वर्षं मी त्या खोलीची हवा बेचाळीस टक्क्यांवर ठेवली आहे. खोलीत कोपऱ्यात एक यंत्र आहे, ते हवेतलं पाणी ओढून खालच्या बादलीत टाकतं. ती बादली मी रोज स्वतःच्या हाताने रिकामी करतो. (शिपायाला करू देत नाही. तो म्हणतो, करा साहेब, तुमचा आनंद आहे.) तेव्हा ओलावा या विषयात घरात कुणाला काही विचारायचं झालं तर ते मला विचारावं, असं माझं मत होतं. कुणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

मुलगी गेली. मी चार फवारे मारले आणि काटा बघितला. त्रेचाळीस. आणखी चार मारले. त्रेचाळीस. अर्धी बाटली संपवली. झाडांवरून पाणी ठिबकू लागलं. काटा ढिम्म.

दुपारी परत डोकावलो, तर बाई एका पानावर पाय पोटाखाली घेऊन, डोळे घट्ट मिटून, चिकटून बसल्या होत्या. रंगही सकाळपेक्षा फिकट. बारक्याची तीच गत. मी काचेवर टकटक केली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका नजरेत माझ्या लक्षात आलं की दोघं वाळत चालली आहेत. (हे बेडूक दिवसा झोपतात आणि झोपेत असेच दिसतात, हे मला नंतर कळलं. बऱ्याच गोष्टी मला नंतर कळल्या.)

शुक्रवारी मी खोलीत दोन ओल्या चादरी टांगल्या. शनिवारी माळ्यावरून वाफेचं मशीन काढलं. मुलगी लहानपणी खोकायची तेव्हा घेतलेलं. ते पेटीशेजारी स्टुलावर ठेवलं आणि चालू केलं. रविवारी एक मशीन पुरेना म्हणून शेजारच्या आजोबांकडून त्यांचं मागून आणलं. सोमवारपर्यंत मुलीच्या खोलीत शिरलं की चष्म्यावर धुकं जमायचं आणि मी चाचपडत पेटीपर्यंत पोचायचो. तिथे चष्मा पुसून बघायचो. त्रेचाळीस.

त्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यातून मी मुलीला फोन लावला. रेंज जेमतेम होती, त्यामुळे जरा मोठ्याने बोलावं लागलं.

"बाई सकाळपासून डोळे मिटून बसल्यात. अजिबात हालचाल नाही."

"दिवसा बसतातच बाबा."

"दोनदा अंगावर पाणी मारलं. काही फरक नाही. चेहरा अगदी उतरलाय. मी म्हणतो, उचलून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू का?"

"अजिबात हात लावू नकोस," मुलगी म्हणाली आणि फोन कटला.

मी वळलो. मागे आमच्या अधिकारी बाई उभ्या होत्या. आमच्या ऑफिसात त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. हातात फाइल होती आणि डोळे पूर्ण उघडे होते.

"कुणाशी बोलत होता?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"घरच्यांशी."

"बरं," त्या म्हणाल्या. मग जाता जाता थांबून, "रात्री झोप होते ना नीट?"

मी म्हटलं, होते. त्यांनी मान हलवली आणि दिवसभर माझ्याकडे एकही कागद आला नाही.

आता घरातली दुसरी बाजू सांगायला हवी. माझी बायको मातीची भांडी घडवते. मुलीच्या खोलीला लागूनच तिची कामाची खोली आहे. दोन्हींच्या मधल्या भिंतीला वर जाळीचा झरोका आहे. तिला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. गावाबाहेर एक नवं अतिथिगृह उघडायचं होतं, त्यांना छत्तीस पेले आणि सहा मोठ्या बरण्या हव्या होत्या. पुढच्या आठवड्यात शनिवारी भट्टी. भट्टी पाच जणींची मिळून, आणि तारीख एकदा हुकली की महिनाभर पुढे. शिवाय मडकं आतून ओलं राहिलं तर भट्टीत फुटतं, आणि फुटताना शेजारणीचीही भांडी घेऊन जातं. म्हणजे फक्त कामच नव्हे, चार मैत्रिणीही पणाला लागलेल्या.

रोज सकाळी बायको एकेक बरणी उचलून गालाला लावायची. भांडं गालाला गार लागलं तर आत ओल आहे, कोमट लागलं तर वाळलं. तिला यंत्र लागत नाही, गाल पुरतो.

"अजून गार," ती शनिवारी म्हणाली.

"अजून गारच," रविवारी म्हणाली.

सोमवारी तिने बरणी गालावरून काढून खाली ठेवली. मातीवाल्याला फोन करून त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलली. तो बिचारा म्हणाला, माती तीच आहे ताई, गेली आठ वर्षं तीच आहे.

मी हे सगळं चहा पिता पिता ऐकत होतो. तुम्ही म्हणाल, तेव्हाच तोंड का उघडलं नाही. खरं सांगतो, सोमवारपर्यंत माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र आल्याच नव्हत्या. आणि आल्या तेव्हा इतका उशीर झाला होता की आणखी एखादा दिवस थांबल्याने काही बिघडणार नाही असं वाटलं.

मंगळवारी मधल्या भिंतीच्या रंगाला फोड आले. बायकोने तळवा टेकवून बघितलं.

"भिंतीत पाणी मुरतंय," ती म्हणाली. "म्हणून वाळत नाहीयेत. आतला पाइप गळतोय कुठेतरी."

"शक्य आहे," मी म्हणालो. हे दोन शब्द मला फार महाग पडले.

बुधवारी मी रजा टाकली आणि प्लंबर आला. सडपातळ, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्याने भिंतीला कान लावला, बोटाने तीन ठिकाणी वाजवलं आणि डोळे मिटून उभा राहिला. मोठे वैद्य नाडी बघताना राहतात तसा.

"फुटलाय," तो म्हणाला.

"नक्की?" मी विचारलं.

"पंधरा वर्षं हेच करतोय साहेब. आवाज येतोय मला."

आवाज पलीकडच्या दोन मशीनचा येत होता. पण तसं सांगायचं तर मशीनचं सांगावं लागलं असतं. आणि माणसाच्या पंधरा वर्षांच्या अनुभवाला एकदम धक्का देणं बरं नाही. माझाही पंचवीस वर्षांचा होताच.

त्याने छिन्नी लावली. अर्ध्या तासात भिंतीत हात जाईल एवढं भोक पडलं. आत पाइप होता, धडधाकट, कोरडा. प्लंबरने तो बराच वेळ न्याहाळला.

"इथे नाही फुटलेला," तो म्हणाला. "वर असेल."

मी तेवढ्यात मुलीच्या खोलीत गेलो होतो. फवाऱ्याची वेळ झाली होती. पेटीचं झाकण उघडलं, बाटली उचलली, आणि पलीकडून आधी छिन्नीचा आवाज आला, मग पाण्याचा, मग प्लंबरचा.

"साहेब, मेन कॉक कुठे आहे?"

पाइप आधी फुटलेला नव्हता. आता फुटला.

मेन कॉक सापडायला सात मिनिटं लागली. तो स्वयंपाकघरात ओट्याखाली होता आणि मी तो बाथरूममध्ये शोधत होतो. तेवढ्या वेळात बायकोने एकटीने बेचाळीस भांडी उचलून बाहेरच्या खोलीत टेबलावर नेली. शेवटचा पेला ठेवून ती मुलीच्या खोलीतून फडकी आणायला गेली. मी मागोमाग धावलो, पण माझ्या आधी ती आत पोचली होती.

दोन ओल्या चादरी. दोन मशीनं. छतावरून टपकणारे थेंब. ती मधोमध उभी राहिली आणि तिने हे सगळं एकेक करून बघितलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"सहा. पण कारण आहे. काटा त्रेचाळीसच्या वर जातच नाही. ते दोघं वाळून..."

ती पेटीपाशी गेली. वाकून तबकडी बघितली. मग नखाने तिला एक टिचकी मारली.

काटा त्रेचाळीसवरून सुटला आणि शहाण्णववर जाऊन थांबला.

तबकडी अडकली होती. सहा दिवस मी तिच्यावर विश्वास ठेवला, तिला जाब विचारला, तिच्यापुढे हात टेकले. फक्त टिचकी मारली नव्हती.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही मशीनं बंद केली, चादरी काढून माझ्या हातात दिल्या, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "परवा संध्याकाळपर्यंत ही भांडी वाळली नाहीत, तर त्या चौघींना तुम्ही फोन करायचा. आणि त्या अतिथिगृहालाही. मी नाही करणार."

आणि मग मला आयुष्यात एकदाच सुचावी अशी गोष्ट सुचली. या गावात एक खोली अशी होती की जिथली हवा बेचाळीस टक्के होती, आणि तिची किल्ली माझ्या खिशात होती.

गुरुवारी सकाळी आठला, ऑफिस उघडायच्या आत, शेजारच्या आजोबांच्या गाडीतून आम्ही सहा बरण्या आणि छत्तीस पेले रेकॉर्ड रूममध्ये नेले. बायकोने ते जुन्या दस्तांच्या मधल्या रिकाम्या फळ्यांवर मांडले. एकदम वाळले तर तडकतील म्हणून वरून पातळ कापड टाकलं. दिवसभर यंत्र घुमत राहिलं. संध्याकाळी मी एक पेला गालाला लावून पाहिला. मला तो गारही वाटला नाही आणि कोमटही. (माझा गाल त्या कामाचा नाही.) पण बायकोने दुसरा लावला आणि पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

त्या आनंदात घरी येऊन मी काचपेटीत डोकावलो. बारक्या होता. बाई नव्हत्या.

बुधवारी झाकण उघडं राहिलं होतं ते प्लंबरच्या हाकेपासून बायकोने लावेपर्यंत. माझ्या हिशेबाने दहा मिनिटं. आम्ही पलंगाखाली, पडद्यामागे, पुस्तकांच्या मागे, भिंतीतल्या भोकात, सगळीकडे बघितलं. सापडल्या नाहीत. बायको रागात होती, पण आता तीही कोपऱ्याकोपऱ्यात वाकून "बाई, बाई" करत फिरत होती. ते बघून मला फार अपराधी वाटलं.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मुलीला फोन केला. सरळ सांगायची हिंमत होईना.

"समजा," मी म्हणालो, "एखाद्या माणसाचा झाडावरचा बेडूक हरवला. समजा हं. तर त्याने कुठे बघावं?"



"बाबा, कोण हरवलंय?"

"बाई."

"घरातली सगळ्यात ओली जागा बघ," ती म्हणाली. "कोरड्यात ती फार टिकणार नाही. ती ओल शोधते. बुधवारी घरात सगळ्यात ओलं काय होतं?"

बुधवारी घरात सगळ्यात ओल्या होत्या त्या सहा बरण्या. आणि त्या सहा बरण्या मी स्वतःच्या हाताने उचलून गावातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत ठेवल्या होत्या.

मी रेकॉर्ड रूमकडे पळालो. पंचवीस वर्षांत त्या व्हरांड्यातून मी प्रथमच पळत होतो. लोक दारात येऊन बघत होते. आत शिरून मी एकेक बरणी तपासली. पाचवीच्या तळाशी ओला डाग होता, आणि तो वाळत आला होता. बाई तिथे होत्या, आता नव्हत्या. ती खोली केवढी मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं. चौदा कपाटं, प्रत्येकाला सात फळ्या. आणि मध्ये कुठेतरी आमच्या मुलीचा जीव, वाळत चाललेला.

ती ओल शोधते. मग ओल तिच्यापर्यंत पोचवायची, असा मी विचार केला. बॅगेत फवाऱ्याची बाटली होतीच. मी गुडघ्यांवर बसलो आणि कपाटांच्या मधल्या फरशीवर फवारे मारत पुढे सरकू लागलो. "बाई," मी हळूच म्हणत होतो, "बाई, बाहेर या. रागावू नका. पाणी आणलंय."

"मी बाहेरच आहे," दारातून आवाज आला.

अधिकारी बाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे शिपाई, आणि त्याच्या मागे निम्मं ऑफिस. मी दीडशे वर्षांच्या कागदांमध्ये गुडघ्यांवर, हातात पाण्याची बाटली. दस्तांच्या मध्ये कापडाखाली बरण्या.

"काय चाललंय?"

"बाईंना शोधतोय," मी म्हणालो.

"मी इथे आहे."

"तुम्ही नाही. दुसऱ्या. हिरव्या."

शिपाई एक पाऊल मागे सरला. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याजवळ येऊन, लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "किती मोठ्या आहेत?"

मी मूठ करून दाखवली. "माझ्या मुलीच्या आहेत. परवा येईल ती. तिला काय सांगू मी?"

बाईंनी खोलीवरून नजर फिरवली. त्यांनी बरण्या बघितल्या, ओली फरशी बघितली, आणि मग कोपऱ्यात घुमणाऱ्या यंत्रापाशी त्यांची नजर थांबली.

"या खोलीत पाणी फक्त एकाच ठिकाणी असतं ना?" त्या म्हणाल्या.

मी यंत्राखालची बादली बाहेर ओढली. दोन बोटं खोल पाण्यात, काठाला हात टेकून, बाई बसल्या होत्या. डोळे टक्क उघडे. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग अधिकारी बाईंकडे, आणि असं होणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मी रडलो नाही. चष्मा ओला झाला तो फवाऱ्याने. शिपायाने आपला डबा रिकामा करून दिला, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, आणि अधिकारी बाई म्हणाल्या, "आता तुम्ही घरी जा."

पुढचं सरळ झालं. शनिवारी भट्टी लागली, रविवारी संध्याकाळी उघडली. दोन पेले तडकले, बाकी चाळीस भांडी ठणठणीत निघाली, आणि चौघी मैत्रिणींचं काही फुटलं नाही. बायको माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलू लागली. मुलगी त्याच दिवशी परत आली. तिने बाईंना हातावर घेऊन उलटसुलट तपासलं आणि म्हणाली की छान आहेत, थोड्या जाड झाल्यात.

सोमवारी मी ऑफिसला गेलो, तर टेबलावर सही-शिक्क्याचं पाकीट. उघडून वाचलं आणि डोळे भरून आले. घरी येऊन मायलेकींना समोर बसवलं.

"आमच्या बाई वरून कडक आहेत," मी म्हणालो, "पण माणूस केवढा कनवाळू. ऐका, मधलं तेवढं वाचतो. 'शुक्रवारी दुपारी रेकॉर्ड रूममध्ये घडलेला प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला. इतका काळ कोरड्या खोलीत बंद राहिल्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. कुणाला इजा होण्याची भीती नाही. तरी आठ दिवस घरीच ठेवावे, भरपूर पाणी द्यावे, आणि शक्यतो एकटे सोडू नये.' बघा. एका बेडकासाठी एवढा विचार कोण करतं?"

मुलीने कागद हातात घेतला. वाचला. आईकडे सरकवला. बायकोने तो दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्यापुढे ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "बाई बुधवारी दुपारी बरणीत गेल्या आणि शुक्रवारी दुपारी सापडल्या. त्यांना दोन दिवस झाले होते."

"मग?"

"यात पंचवीस वर्षं लिहिलंय."